कॅमेऱ्यात आलेली कोर

हमीद मुकादमांना ‘चहा घेणार का’ एवढं विचारलं तरी ते लगेच हो म्हणत नसत. आपल्याला खरंच चहा हवा आहे का, याचा मनाशी नीट तपास करत आणि मग उत्तर देत. तोवर माझा अर्धा कप संपलेला असे. मी जन्माची उतावळी. अशा माणसाच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचं आणि नोकरीही त्याच्याच कारखान्यात करायची, हे माझ्या नशिबात कुणी लिहिलं होतं कोण जाणे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा एक कारखाना होता. मी तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट, आणि ते इन्स्ट्रुमेंट विभागात. दाबाचे काटे, थर्मामीटर, वजनं बरोबर दाखवतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम. माझं घर पोलादपूरला, पण शिफ्ट सांभाळून रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून त्यांच्या बायकोनं, अमिनाचाचींनी, मला ठेवून घेतलं. मी त्यांना चाचा म्हणे, ते मला बाय म्हणत. उंच, किडकिडीत माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि खिशात पेनाच्या जागी बारीक स्क्रू ड्रायव्हर.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: “मी बघितलं नाय.” कारखान्यात त्याची नक्कल व्हायची. जेवणाच्या सुट्टीत कुणी म्हणालं, बाहेर पाऊस आला, तर चारजण एका सुरात म्हणत, मी बघितलं नाय. चाचा हसत, पण स्वतः उठून दारापर्यंत जात आणि पाऊस बघून येत.

एकदा या वाक्यापायी एक अख्खी बॅच थांबली. रिअॅक्टरवरचा थर्मामीटर त्यांच्या हाताखालच्या माणसानं तपासला होता, कागदावर फक्त चाचांची सही हवी होती. प्रॉडक्शनचे साहेब येऊन उभे राहिले. चाचा म्हणाले, मी बघितलं नाय. मग त्यांनी कॅन्टीनमधून बर्फ मागवला, बादलीत फोडला, थर्मामीटर उतरवून त्यात बुडवला आणि स्टूल घेऊन समोर बसले. साहेबांचा आवाज चढत गेला, आमची सॅम्पलं खोळंबली, सुट्टीला घरी जायची माझी पोलादपूरची गाडी चुकली. शेवटी काय निघालं? थर्मामीटर अगदी बरोबर होता. एवढ्या रामायणातून कुणाचंच काही भलं झालं नाही. चाचांनी सही केली, बादलीतलं पाणी बाहेर जास्वंदीला ओतलं आणि कामाला लागले. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

या माणसाला आकाशाचं वेड होतं. आरसा स्वतः घासून, प्लास्टिकच्या जाड पाइपात बसवून त्यांनी दुर्बीण केली होती. ती परसात, धुण्याच्या दगडाशेजारी लोखंडी स्टँडवर उभी असे. मी पहिल्यांदा तिला डोळा लावला तेव्हा समोरच्या मशिदीचा मिनार टोकावर उभा दिसला. वरचं खाली आणि डावं उजवीकडे. मी म्हटलं, चाचा, ही उलटं दाखवते. ते म्हणाले, आकाशाला त्यानं काय फरक पडत नाय. फरक त्यांना एकाच गोष्टीनं पडायचा, उजेडानं. दिवेलागण झाली की गल्लीत घरोघरी जाऊन ओट्यावरचे दिवे मालवायची विनंती करत. कारखान्यांच्या उजेडानं उत्तरेचं आभाळ कायम पिवळट असे, त्याच्यापुढे मात्र इलाज नव्हता. फारच असह्य झालं की सुट्टीच्या आदल्या दिवशी मोटरसायकलला दुर्बीण बांधून वर डोंगरातल्या कुडपणला निघून जात.

फैय्याज त्यांचा एकुलता मुलगा. कतारला एका कंपनीत होता. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. डिजिटल कॅमेरे तेव्हा नवे होते आणि लेन्स काढता येणारा मोठा कॅमेरा तर महाडात फोटोवाल्यांकडेही क्वचितच होता. फैय्याजनं असा एक कॅमेरा वडिलांसाठी सुटीवर आलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. घरात पेढे वाटले गेले. चाचांनी तो दुर्बिणीला लावून मृग नक्षत्राचे फोटो काढले. बाणाच्या खाली एक तेजोमेघ आहे, तो तांबडा असतो असं त्यांनी वाचलं होतं. फोटोत मात्र तो राखेसारखा करडा येई. त्यांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की कॅमेऱ्याच्या पोटात, चित्र टिपणाऱ्या चकतीच्या पुढ्यात एक रंगीत काच असते. माणसांचे रंग नीट यावेत म्हणून ती गडद तांबडा प्रकाश अडवते. ती काढायची आणि तिच्या जागी तेवढ्याच जाडीची साधी काच बसवायची. जाडी बदलली की फोकस गेला.

हे चाचींच्याही कानावर गेलं. संध्याकाळी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, “पोरानं पाठवलेला नवा कपडा फाडून कुणी परत शिवतं का गो?”

चाचांनी काच घासण्यात कित्येक आठवडे घालवले. घासायची, मोजायची, पुन्हा घासायची. मग एका रविवारी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, धूळ बसावी म्हणून खोलीत ओल्या चादरी टांगल्या आणि चाचींना बजावलं की काम संपेपर्यंत फोडणी द्यायची नाही. टेबलावर इडलीपात्र ठेवलं. जे स्क्रू आधी निघतील ते पहिल्या वाटीत, पुढचे दुसऱ्या वाटीत, म्हणजे परत लावताना उलट क्रमानं यायचं. टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. मी श्वास रोखून उभी. फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही झटका देतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि स्वतःच त्याला बोट लावलं. हात असा उडाला की इडलीपात्राला धक्का बसला. आम्ही दोघं त्या वाट्यांकडे बघत राहिलो. एकही स्क्रू सांडला नव्हता.

काच निघाली. नखाएवढी, फिकट निळसर हिरवी. एवढ्याशा तुकड्यासाठी हा खटाटोप, असं माझ्या मनात आलं, पण त्या वेळी तोंड उघडायची माझी छाती नव्हती. नवी काच बसली, वाट्या एकेक करून रिकाम्या झाल्या, झाकण लागलं. चाचांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कॅमेरा मेलेला होता.

नेमका तेव्हाच फैय्याजचा फोन आला. आठवड्यातून एकदा यायचा तो. चाचींनी घेतला, दोन शब्द बोलल्या आणि नवऱ्याकडे बघत रिसीव्हर पुढे केला. त्यानं बहुतेक कॅमेरा कसा आहे असं विचारलं असावं. दुसरा कुणीही बाप छान आहे म्हणून मोकळा झाला असता. चाचा थोडा वेळ विचार करून म्हणाले, “खोलला होता. बंद केला. चालत नाय.” चाचींनी पदर तोंडाला लावला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर चाचांनी कॅमेरा पुन्हा उघडला. रिबनीसारखी एक चपटी वायर खाचेत अर्धीच बसली होती. ती दाबली आणि कॅमेरा जिवंत झाला. मी आनंदानं ओरडले. चाचा म्हणाले, फोटो तर बघू दे आधी.

काढलेली काच मी आमच्या प्रयोगशाळेत नेली. कोणत्या काचेतून कोणता रंग किती पार होतो ते सांगणारं यंत्र आमच्याकडे होतं. साहेब चहाला गेल्यावर घाईघाईत ती त्यात ठेवली आणि आलेख काढून आणला. निळ्या-हिरव्यात सरळ चाललेली रेघ तांबड्यापाशी येऊन धाडकन कोसळली होती. चाचा तो कागद हातात धरून म्हणाले, “म्हंजे तांबडं येत होतं. ह्यानं दारातच अडवलं.” थंडीत मृग वर आला तेव्हा त्यांचा तेजोमेघ कॅमेऱ्यात खरोखर तांबडा आला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. त्यांनी तो फोटो फैय्याजला पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं, अच्छा है.

पुढच्या वर्षी फैय्याज सुट्टीवर आला तो साखरपुड्यासाठी. घरच्या कॅमेऱ्यानंच फोटो काढायचे असा चाचींचा हट्ट. चाचांनी आधीच सांगितलं होतं की या कॅमेऱ्यात आता माणसांचे रंग बरोबर येत नाहीत. कुणी मनावर घेतलं नाही. फोटो आले तेव्हा फैय्याजचा काळा कोट थेट वांग्याच्या रंगाचा! मुलीकडचे पोट धरून हसले. फैय्याजही हसला, पण मग परसात येऊन मला हळूच म्हणाला, “माझ्याच कॅमेऱ्यात माझाच असा फोटो. अब्बांनी एकदा विचारायचं तरी.” त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्याच सुट्टीत रमझान होता. नोकरीला लागल्यापासून फैय्याजला एकही ईद घरी मिळाली नव्हती. या वेळी मिळेल असा हिशेब करून त्यानं रजा घेतली होती, पण साखरपुड्यासाठी आधीच यावं लागलं, रजा संपली आणि परतीचं विमान पुढे ढकलता येईना. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. सकाळी बापलेकांनी बरोबर नमाज पढायची, शिरखुर्मा खायचा आणि दुपारी फैय्याजनं मुंबईच्या विमानासाठी निघायचं. चंद्र दिसला नाही तर तिसावा रोजा करून त्यानं उपाशीच गाडीत बसायचं, ईद मागे टाकून. सगळं त्या एका कोरीवर आलं होतं. चाचींनी खारका भिजत घातल्या होत्या, पण शेवया तळायला घेत नव्हत्या.

आमच्या गल्लीत चांद म्हटलं की लोक आधी विचारत, हमीदनं बघितला का? कुठे बघायचं हे त्यांना नेमकं ठाऊक असे आणि नजर घारीची. पण त्या वर्षी त्या नजरेचं काय झालं होतं हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. दिव्याभोवती कडी दिसतात असं ते मला म्हणाले होते आणि चाचीला सांगू नको, असंही.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद लागून आल्या होत्या. सुट्टी न मिळाल्यानं मी महाडातच होते. फटाक्यांच्या धुरानं पश्चिम गढूळ झाली होती. चाचांनी दुर्बीण गच्चीवर चढवली, कॅमेरा लावला आणि त्याच्या पुढ्यात धुतलेल्या निगेटिव्हचं काळंकुट्ट टोक चिकटवलं. त्यातून माणसाच्या डोळ्याला काहीच दिसत नाही, पण डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश त्यातून जातो आणि तो धुक्यातूनही बराचसा पोचतो. कॅमेरा उघडला नसता तर हे जमलंच नसतं. त्यांचा बेत साधा होता. कॅमेऱ्यानं जागा दाखवायची, मग तिथे डोळ्यांनी बघायचं. साक्ष डोळ्यांची लागते.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. बापलेकांनी खजूर तोंडात टाकले, नमाज पढून वर आले. खाली गल्लीत माणसं जमू लागली होती. चाचांनी एक फोटो काढला, पडद्यावर बघितला, दुर्बीण किंचित सरकवली, दुसरा काढला. तिसरा. मग ते थांबले आणि मला बोलावलं. करड्या पडद्यावर केसाएवढी एक कोर होती.

“आहे,” मी म्हटलं.

फैय्याज धावत आला, पडद्यात डोळे घालून बघत राहिला. चाचा मात्र चष्मा पुसून समोर बघत होते. कोर डोंगराला टेकायला फार वेळ उरला नव्हता. आम्ही तिघंही बघू लागलो. मी डोळे ताणले, पापणी लववली नाही, जागा पक्की ठाऊक होती. नुसतं गढूळ, नारिंगी आभाळ. खालून जमातीच्या सदरांचा, म्हणजे अध्यक्षांचा, आवाज आला, “हमीद, चांद?” आणि गल्लीतल्या माना वर झाल्या. साक्ष दोघांची लागे. चाचा आणि फैय्याज, तिथल्या तिथे दोघं झाले असते. त्यांच्या एका शब्दावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता.

“बाय, तुला दिसतो काय?” चाचांनी विचारलं. माझी साक्ष तिथे चालणारी नव्हती, तरी विचारलं. हो म्हणावं असं फार वाटलं. मी म्हटलं, नाही दिसत.

“मला दिसला,” फैय्याज म्हणाला.

चाचा त्याच्याकडे वळले. “कुठं?”

त्यानं बोट केलं. जागा अगदी बरोबर होती.

“टोकं कुठल्या अंगाला हायत?”

“उजव्या,” फैय्याज पटकन म्हणाला.

चाचांनी एकदा दुर्बिणीकडे बघितलं आणि एकदा मुलाकडे. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. सूर्य बुडाला होता त्याच्या डावीकडे ती कोर होती, तिची टोकं सूर्यापासून लांब, डावीकडेच असणार. उजवीकडे ती फक्त पडद्यावर होती. कॅमेरा त्या पाइपाला ज्या बाजूनं बसे त्या बाजूनं फोटोही दुर्बिणीसारखाच उलटा येई.

“ती कॅमेऱ्यातली टोकं हायत, बाबा,” चाचा म्हणाले. इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

फैय्याजचा चेहरा पडला, मग तापला. “पण आहे ना तिथं! फोटो आहे. तुम्हीच तो कॅमेरा फाडलात, मी काही बोललो नाही. आज त्यानं दाखवला तर तो झूठ?”

“झूठ नाय. पण बघितला त्यानं. साक्ष मला द्यायची हाय.”

“एक लफ्ज, अब्बा.”

चाचा कठड्यापाशी गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवर चाची येऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला त्या क्षणी चाचांचा राग आला. थर्मामीटरच्या वेळी आला होता तसाच, आणि त्याहून कितीतरी जास्त. कोर खरी होती. खोटं असं काही नव्हतंच बोलायचं.

“दिसला नाय,” चाचा खाली बघून म्हणाले.

गल्लीत हळूहळू पांगापांग झाली. किनाऱ्याला सगळीकडेच धूर आणि धुकं होतं, बाहेरगावाहूनही कुणाची साक्ष आली नाही. चाचींनी खारका पाण्यातून काढून निथळत ठेवल्या. फैय्याज बापाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रोजा धरूनच तो गाडीत बसला. चाचांनी त्याला मिठी मारली, तो उभा राहिला एवढंच. ईद बरोबर करायची त्या दोघांची ती अखेरची संधी होती. पुढच्या रमझानच्या आधीच चाचा हृदयविकारानं गेले आणि फैय्याजला मातीलाही पोचता आलं नाही. हे मला लग्न होऊन पुण्याला आल्यावर कळलं. माझं लग्न त्या दिवाळीनंतर लगेचच झालं, त्यामुळे चाचांची माझ्याकडची शेवटची ठळक आठवण फैय्याज निघाला त्याच दिवसाच्या संध्याकाळची आहे.

ती भाऊबीज होती. मला भाऊ नाही. आमच्याकडे भाऊ नसलेल्या मुली चंद्राला ओवाळतात. मी ताट घेऊन परसात आले तर चाचा धुण्याच्या दगडावर बसले होते. दुर्बीण नाही, कॅमेरा नाही. धुरकट आभाळातही कोर स्वच्छ वर आली होती, कुणालाही दिसावी अशी. गल्लीत पोरं ओरडत होती. मी ओवाळलं आणि न राहवून विचारलं, “चाचा, दिसतो का?”

“आता दिसतो,” ते म्हणाले.

तेवढ्यात चाची मोबाइल घेऊन बाहेर आल्या. फैय्याजचा फोन होता. मुंबईच्या वाटेवर वडखळला गाडी थांबवून त्यानं रोजा सोडला होता. चाचांनी फोन कानाला लावला. बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग मान वर करून त्यांनी कोरीकडे बघितलं, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं.

“टोकं डावीकडं म्हणतोस?” ते म्हणाले. “हां. बराबर हाय. इथनंपण डावीकडंच हायत.”

पलीकडून फैय्याज आणखी काहीतरी बोलला. चाचांनी मान डोलावली, जणू तिकडून त्याला ते दिसणार होतं. फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानापासून काढला नाही. मी ताट घेऊन तशीच उभी होते. त्यांनी चष्मा काढला, बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

“बाय, तो दिवा जरा बाजूला धर. उजेडात नाय दिसत मला.”